हायब्रिड टेबल सॉ: घरच्या वर्कशॉपसाठी पारखून कशी घ्यावी

माझ्या जुन्या टेबल सॉवर, म्हणजे टेबलाच्या फटीतून गोल पातं वर येणाऱ्या करवतीवर, कापलेली चेरीची एक फळी मी अजून ठेवून दिली आहे. कापलेल्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळपट जळका पट्टा आहे आणि त्यावर मागच्या दातांनी ओढलेल्या कमानदार रेघा. पातं नवं होतं, मोटरही दमदार होती. दोष एवढाच की पातं आणि फेन्स (लाकूड ज्या आडाला टेकवून सरकवायचं ती पट्टी) समांतर नव्हते. मागच्या टोकाला दोघांमधलं अंतर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने कमी भरत होतं आणि लाकूड त्या चिमट्यात सापडून घासत होतं. ती सरळ करायला मी दोन शनिवार टेबलाखाली आडवा पडून घालवले. पातं जागेवर आणावं, बोल्ट आवळावा, की ते पुन्हा हललेलं असायचं.

म्हणून नवी करवत घ्यायची ठरली तेव्हा हॉर्सपॉवरच्या आकड्यांआधी मी एकच गोष्ट विचारात घेतली: हे यंत्र सरळ करता येतं का आणि एकदा केलं की सरळ राहतं का? घरच्या कामासाठी करवतींची तुलना करताना याहून मोठा निकष नाही असं माझं ठाम मत आहे. ओहायोत दोन गाड्यांच्या गॅरेजच्या अर्ध्या भागात माझं सुतारकाम चालतं, त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेतल्या बाजाराला आणि इथल्या विजेला धरून आहे. भारतातल्या वाचकांसाठी मध्ये एक परिच्छेद दिला आहे.

हायब्रिड कशाला म्हणतात

इथे टेबल सॉ साधारण चार जातींच्या मिळतात. जॉबसाइट सॉ उचलून गाडीत टाकता येते. तिची मोटर ड्रिलसारखी ब्रशवाली, कर्कश, आणि टेबल हलक्या ॲल्युमिनियमचं. कॉन्ट्रॅक्टर सॉला बीडाचं टेबल आणि शांत इंडक्शन मोटर असते, पण ती मोटर मागे बाहेर लोंबकळते आणि लांब पट्ट्याने पातं फिरवते. कॅबिनेट सॉ म्हणजे कारखान्यातलं यंत्र. डेल्टाने १९३९ साली युनिसॉ आणली तेव्हापासून तिचा मूळ आराखडा फारसा बदललेला नाही: बंद पेटी, आत ३ ते ५ हॉर्सपॉवरची मोटर, २४० व्होल्ट आणि भरपूर वजन.

हायब्रिड या शेवटच्या दोघींच्या मधली. मोटर पेटीच्या आत, पट्टा आखूड, टेबल बीडाचं, पण ताकद दीड ते दोन हॉर्सपॉवर आणि वीज घरातल्या साध्या सॉकेटची. मोटर आत गेल्याने तीन फायदे होतात: करवत भिंतीला टेकवून ठेवता येते, भुसा पेटीतच राहतो आणि लोंबत्या मोटरच्या वजनाचा पीळ आतल्या सांगाड्यावर येत नाही.

मात्र हायब्रिड हे कुठल्या मानकाने ठरवून दिलेलं नाव नाही, ते विक्रेत्याने लावलेलं लेबल आहे. एखादी हायब्रिड म्हणजे कॉन्ट्रॅक्टर सॉलाच पत्र्याची पेटी घातलेली असते, तर एखादी म्हणजे लहान मोटर बसवलेली खरी कॅबिनेट सॉ. दोघींची किंमत जवळपास असू शकते. म्हणून पेटीच्या आत डोकावल्याशिवाय निवड करू नका.

पहिली पायरी: गॅरेजची वीज मोजा

करवतींची यादी करायच्या आधी घराच्या ब्रेकर पॅनेलचं दार उघडा. गॅरेजच्या सॉकेटला कितीचा ब्रेकर आहे, १५ अँपिअरचा की २०चा? त्याच लाइनवर आणखी काय आहे, फ्रिज, दाराची मोटर, शेजारच्या खोलीतले दिवे? कागदावर लिहून काढा.

आता हिशेब. १२० व्होल्ट गुणिले १५ अँपिअर म्हणजे १८०० वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. मोटरमध्ये उष्णतेत जाणारी शक्ती आणि पॉवर फॅक्टर वजा केला की १५ अँपिअरच्या लाइनवर दीड ते पावणेदोन हॉर्सपॉवरच्या पलीकडे सलग काम निघत नाही. बाजारात १.७५ हा आकडा इतक्या यंत्रांवर दिसतो तो याचमुळे. २ हॉर्सपॉवर असं लिहिलेलं असेल तर मोटरवरची पत्र्याची पट्टी वाचा. तिच्यावरचे अँपिअर खरं काय ते सांगतात, खोक्यावरची अक्षरं नाहीत.

बऱ्याच हायब्रिडच्या मोटरी १२० आणि २४० अशा दोन्ही व्होल्टवर चालतात. २४० वर जोडली की ताकद दुप्पट होते असा समज आहे, तो चुकीचा आहे. ताकद तेवढीच राहते, विद्युतप्रवाह निम्मा होतो. प्रवाह कमी म्हणून तारांमधला व्होल्टेजचा ऱ्हास कमी, त्यामुळे मोटर पटकन वेग घेते आणि जाड लाकडात कमी दबते. तार लांब असेल तर हा फरक हाताला जाणवतो.

धूळ ओढणारा कलेक्टर घेणार असाल तर त्यालाही स्वतंत्र लाइन लागते. दीड हॉर्सपॉवरचा कलेक्टर करवतीइतकाच प्रवाह खातो. दोन्ही एकाच २० अँपिअरवर लावले की पहिल्याच कापणीला ब्रेकर उडणार. तेव्हा इलेक्ट्रिशियन बोलावणारच असाल, तर त्याच खेपेत २४० ची एक लाइन ओढून घ्यायला काय पडेल तेही विचारा. ती लाइन मिळत असेल तर हायब्रिडवर पैसे टाकण्याआधी थोडं थांबा. ३ हॉर्सपॉवरची कॅबिनेट सॉ तेवढीच जागा व्यापते आणि दोन इंची ओक न कुरकुरता कापते. २४० व्होल्ट मिळणं अशक्य, भाड्याचं घर, किंवा काम मुख्यतः प्लायवूड आणि पाऊण-एक इंची फळ्यांचं, या तीन परिस्थितींत हायब्रिड ही उत्तम निवड आहे. माझी तिसरी होती.

दुसरी पायरी: काय कापणार आणि कुठे उभे राहणार

इथे प्लायवूडची पूर्ण शीट ४८ बाय ९६ इंचांची. ती मधोमध चिरायला फेन्स पात्यापासून २४ इंच गेली की झालं. म्हणून ३० इंच पल्ल्याची फेन्स बहुतेकांना पुरते. ५० किंवा ५२ इंची रेल, म्हणजे फेन्स जिच्यावर सरकते ती पुढची दांडी, घेतली तर करवतीची रुंदी सात फुटांच्या आसपास जाते आणि गॅरेजमध्ये गाडी लावणं अवघड होऊन बसतं. रुंद टेबलाचा मोह मलाही झाला होता. शेवटी मी ३० इंच घेतली आणि गेल्या काही वर्षांत तीनदाच कमी पडली. त्या तिन्ही वेळी शीट जमिनीवर फोम अंथरून हातातल्या सर्क्युलर सॉने आधी दोन तुकड्यांत कापली.

लांबीचा विचार मात्र लोक विसरतात. आठ फुटी फळी चिरायची तर पात्याच्या पुढे आठ फूट आणि मागे आठ फूट मोकळे हवेत. टेप घेऊन मोजा. अंतर बसत नसेल तर चाकांचा बेस घ्या आणि कापताना करवत दाराकडे तोंड करून ठेवा.

१० इंची पातं ९० अंशात साधारण सव्वातीन इंचांपर्यंत आणि ४५ अंशात सव्वादोन इंचांच्या आतबाहेर खोल कापतं. या बाबतीत सगळ्या सारख्याच, त्यावर वेळ घालवू नका.

तिसरी पायरी: टेबलाखाली बघा

पातं ज्या धुरीवर फिरतं ती आर्बर, आणि ती ज्या अर्धगोल बीडाच्या भागांवर तिरकी होते ते ट्रनियन. ट्रनियन कशाला बांधलेत यावर करवतीचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं.

ते टेबलाच्या खालच्या अंगाला बांधलेले असतील, तर पातं मायटरच्या खाचेला (आडव्या कापणीचा मायटर गेज सरकतो ती टेबलातली खाच) समांतर आणण्यासाठी तुम्हाला खाली वाकून, अंधारात, मोटरचं वजन सांभाळत ट्रनियन हलवावे लागतात. ते पेटीला बांधलेले असतील तर वरचं टेबल पेटीशी जोडणारे चार बोल्ट सैल करायचे, उभ्याने टेबलाला लाकडी हातोडीचा हलका ठोका द्यायचा आणि बोल्ट आवळायचे. पहिल्या प्रकारात दोन शनिवार जातात, दुसऱ्यात पाऊण तास.

दुकानात असाल तर बाजूचं दार उघडून मोबाइलचा दिवा आत धरा. दोन्ही ट्रनियनचे बोल्ट वर टेबलात घुसलेले दिसतात की पेटीच्या काठावर बसलेले, हे लगेच कळतं. मागवून घेणार असाल तर मॅन्युअल आधी उतरवून घ्या आणि पातं समांतर करण्याचं पान वाचा. त्यात 'टेबलाचे बोल्ट सैल करा' असं असेल तर ट्रनियन पेटीला. 'ट्रनियनचे बोल्ट सैल करा' असेल तर टेबलाला. जाहिरातीत जे लिहीत नाहीत ते या एका पानावर मिळतं.

टेबलाला बांधलेले ट्रनियन असलेली करवत घेऊच नये असं नाही. त्यातल्या बऱ्याच चांगल्या आहेत आणि स्वस्तही. एकदा नीट बसवून बोल्ट योग्य क्रमाने आवळले तर वर्षानुवर्षं राहतात. पण गाडीसाठी जागा करताना दर आठवड्याला करवत ढकलायची असेल, तर मी पेटीला बांधलेल्यासाठी वरचे दोन-तीनशे डॉलर देईन.

पट्टाही बघा. जुन्या धाटणीचा व्ही-पट्टा महिनाभर स्थिर राहिला की पुलीच्या आकारात आखडतो आणि सुरुवातीला धडधडतो. अनेक उभ्या रेघांचा चपटा पट्टा तसं करत नाही. यंत्राची थरथर तपासायची इथली जुनी रीत आहे: पाच सेंटचं नाणं टेबलावर कडेवर उभं करायचं आणि करवत चालू करायची. नाणं उभं राहिलं तर पट्टा, पुली आणि आर्बर जागच्या जागी आहेत.

चौथी पायरी: फेन्स हाताने तपासा

आजच्या चांगल्या फेन्सी बहुतेक बीसमायरच्या धर्तीवरच्या असतात: पुढच्या जाड चौकोनी नळीवर टी आकाराची चौकट बसते, दांडा खाली दाबला की ती काटकोनात येऊन घट्ट होते. मागच्या टोकाला पकड नसते. हीच रचना मागा. पुढे-मागे दोन्हीकडे चिमटा धरणाऱ्या स्वस्त फेन्सीत कुठलं टोक आधी पकडेल याचा भरवसा नसतो.

दुकानात ही तपासणी कराच. फेन्स १० इंचांवर लावा आणि दांडा दाबा. आता मागचं टोक बोटाने बाजूला दाबून बघा. किंचित लवचिकपणा चालेल, पण सोडल्यावर ते मूळ जागी यायला हवं. मग फेन्स दूर सरकवून पुन्हा १० वर आणा, असं पाच-सहा वेळा, आणि दर वेळी मायटरच्या खाचेपासूनचं अंतर पुढे आणि मागे मोजा. आकडे तेच आले तर फेन्स भरवशाची. भिंगातली लाल रेघ नेमकी आकड्यावर आहे का हे बघू नका, ती कधीही सरकवता येते.

बाकी करवत उत्तम आणि फेन्स सामान्य असेल तर फेन्स वेगळी विकत घेऊन बदलता येते. ट्रनियन बदलता येत नाहीत.

पाचवी पायरी: बोटांचा विचार

१० इंची पातं मिनिटाला सुमारे ४००० फेरे घेतं. दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या घरात जातो. मागचे दात वर उसळत असतात, लाकूड त्यांच्यावर रेललं की ते उचलून थेट तुमच्याकडे फेकतात. हा किकबॅक. अमेरिकेत दरवर्षी टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन इस्पितळाच्या तातडीच्या विभागात येणाऱ्यांची संख्या तीस हजारांच्या आसपास असल्याचा ग्राहक सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे, आणि त्यांतले हजारो जण बोट गमावतात.

यावरचा पहिला उपाय रायव्हिंग नाइफ: पात्याच्या मागे, त्याच्याच वळणाची, पात्याबरोबर वर-खाली आणि तिरकी होणारी पोलादी पट्टी. कापलेली फट ती मिटू देत नाही आणि मागच्या दातांपर्यंत लाकूड पोचू देत नाही. साधारण २००८ नंतरच्या नव्या रचनांवर ती असते. जुन्या करवतींवर तिच्या जागी स्प्लिटर असतो. तो पात्याबरोबर वर-खाली होत नाही, खाच पाडताना काढावा लागतो आणि एकदा काढलेला स्प्लिटर माणसं परत बसवत नाहीत. सेकंडहँड बाजारात दोन हजारच्या दशकातल्या देखण्या हायब्रिड स्वस्तात दिसतात. रायव्हिंग नाइफ नसेल तर मी त्या घेणार नाही, नवशिक्याने तर मुळीच घेऊ नये.

या पट्टीची जाडी पात्याच्या धातूपेक्षा जास्त आणि कापणीच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते. पूर्ण जाडीच्या पात्याची कापणी १/८ इंच, पातळ पात्याची ३/३२. पावणेदोन हॉर्सपॉवरला पातळ पातं फार मानवतं, कारण एक चतुर्थांश लाकूड कमी खोदावं लागतं. पण तुमच्या करवतीची रायव्हिंग नाइफ पातळ पात्याला चालते का, हे तिच्यावर कोरलेल्या आकड्यावरून आधी ठरवा. चालत नसेल तर लाकूड पात्यातून सुटेल आणि पट्टीवर अडकेल.

दुसरा उपाय म्हणजे सॉस्टॉप. स्टीव्हन गॅस यांनी ही युक्ती १९९९ साली काढली आणि २००४ पासून तशा करवती विक्रीला आल्या. पात्यावर एक सूक्ष्म विद्युत संकेत सोडलेला असतो. माणसाचं अंग लागलं की तो बदलतो आणि स्प्रिंगने ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो. पातं ५ मिलिसेकंदांच्या आत थांबून टेबलाखाली जातं. ठोकळ्याचं कार्ट्रिज आणि पातं दोन्ही वाया जातात, बोटावर ओरखडा राहतो. ओलं लाकूड किंवा ॲल्युमिनियम लागलं तरी ब्रेक सुटू शकतो, त्यामुळे बाहेर पावसात पडलेली फळी आधी सुकवायची.

घरात मुलं वर्कशॉपमध्ये येत असतील, वाद्य वाजवण्याचं, शस्त्रक्रियेचं, टायपिंगचं काम असेल, तर बाकीची सगळी तुलना बाजूला ठेवून सॉस्टॉपसाठी सहा महिने पैसे साठवा असंच मी सांगेन. किंमत बाकी हायब्रिडच्या दीडपट-दुप्पट जाते, हे खरं आहे.

धुळीबद्दल थोडक्यात. पेटीला ४ इंची तोंड हवं, आतला तळ उतरता हवा आणि मोटरसाठीचं दार घट्ट बसणारं हवं. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. कलेक्टर असला तरी मास्क लावा, कारण पात्याच्या वरून उडणारी धूळ खालचं तोंड ओढत नाही.

नावं घेऊन तुलना

शॉप फॉक्सची डब्ल्यू१८३७ ही २ हॉर्सपॉवरची, उघड्या पायांची हायब्रिड. कमी पैशांत बीडाचं टेबल हवं असेल तर तिच्यापासून सुरुवात करा. ग्रिझलीची जी०७७१झेड तिच्याच कुळातली. दोन्ही नावं भगिनी कंपन्यांची आहेत, त्यामुळे सुट्या भागांचे आराखडे नेटवर उत्तम मिळतात, आणि दहा वर्षांनी एखादी पुली लागली तर ही मोठी सोय ठरते. डेल्टाची ३६-७२५ मालिका हायब्रिडच्या किमतीतली पण मुळात कॉन्ट्रॅक्टर वळणाची. गॅरेज लहान आणि काम अधूनमधून असेल तर वाईट नाही.

लगुनाची एफ२ पावणेदोन हॉर्सपॉवरची, साध्या सॉकेटवर चालणारी. तिची थोरली बहीण एफ३ ही ३ हॉर्सपॉवर आणि २२० व्होल्टची. जेटची प्रोशॉप आणि पॉवरमॅटिकची पीएम१००० या एकाच घरातल्या, दोन्ही १.७५ च्या. पीएम१००० ची जुळणी आणि टेबलाचं घासकाम मला या गटात सर्वांत सुबक वाटलं, पण त्या किमतीला पोचलात की सॉस्टॉपची प्रोफेशनल कॅबिनेट सॉ फार दूर राहत नाही. तिची १.७५ हॉर्सपॉवरची १२० व्होल्टवाली आवृत्ती म्हणजे ३ हॉर्सपॉवरवालीचीच पेटी, ट्रनियन पेटीला बांधलेले आणि वर तो ब्रेक. माझ्या हिशेबात पैसे आहेत तर ती, नाहीत तर ग्रिझली. किमती सारख्या हलतात, म्हणून इथे आकडे देत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: इथली हायब्रिड जहाजाने मागवू नका. ६० हर्ट्झसाठी बांधलेली मोटर ५० हर्ट्झवर एक षष्ठांश हळू फिरते आणि जास्त तापते. शिवाय आपल्याकडे १६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्ट मिळतात, म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या वर. दीड-दोन हॉर्सपॉवरमध्ये अडकण्याचं कारणच उरत नाही. आपल्याकडे सुतार प्लायच्या टेबलाला खालून हातकरवत उलटी बांधून काम भागवतात. कौशल्य थोर, पण त्या पात्यामागे रायव्हिंग नाइफ नसते. कुठलीही टेबल सॉ घ्या, तिसरी, चौथी आणि पाचवी पायरी जशीच्या तशी लागू आहे.

पेटी दारात आली की

यंत्राचं वजन २५० ते ४५० पौंड. मागवताना लिफ्टगेट (सामान खाली उतरवणारी मागची फळी) असलेला ट्रक मागा आणि दोन मित्रांना बोलावून ठेवा. माझ्या पेटीचा एक कोपरा चिरडलेला होता. ट्रकवाला घाईत होता, मी न बघता सही केली. आत पुढची रेल वाकलेली निघाली आणि वाहतूक कंपनीने माझ्या सहीकडे बोट दाखवून हात वर केले. नवी रेल यायला पाच आठवडे लागले. सही करण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा आणि पावतीवर 'पेटी खराब अवस्थेत मिळाली' असं लिहून मगच सही करा.

टेबलावरचं गंजरोधक तेल रॉकेलसारख्या द्रावकाने पुसा आणि मेण लावा. सिलिकॉनवालं नको, लाकडावर पॉलिश धरत नाही. बाजूची पंखं जोडताना मधल्या टेबलावर लांब सरळपट्टी आडवी ठेवून, फट राहील तिथे सोड्याच्या कॅनच्या पत्र्याची पट्टी घाला. तो पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, या कामाला अगदी मोजून केल्यासारखा.

आता समांतरता. प्लग काढा. पातं पूर्ण वर करा आणि एका दातावर मार्करने ठिपका द्या. मायटर गेजला एक लाकडी पट्टी बांधा, तिच्या टोकात स्क्रू फिरवा आणि तो ठिपक्याच्या दाताला जेमतेम टेकेल इतका बाहेर काढा. पातं हाताने मागे-पुढे हलवलं की 'टिक' असा बारीक आवाज येईल. तोच दात मागच्या बाजूला न्या, गेजही मागे सरकवा आणि पुन्हा ऐका. तसाच टिक आला तर पातं खाचेला समांतर. आवाज आलाच नाही तर मागे अंतर वाढलंय. घासून खरखर आली तर कमी झालंय. दात तोच वापरायचा, कारण दोन दात नेमके सारखे नसतात. डायल इंडिकेटर (काट्याने सूक्ष्म अंतर दाखवणारं मापक) असेल तर ०.००३ इंचांच्या आत आणा. प्रिंटरचा एक कागद साधारण ०.००४ इंच जाड असतो, म्हणजे एका कागदाहून कमी.

चूक निघाली तर चारपैकी तीन बोल्ट सैल करा, चौथा खिळीसारखा राहू द्या, हलका ठोका, पुन्हा मोजा. आवळताना एकेक बोल्ट पूर्ण न आवळता आळीपाळीने पाव-पाव फेरा द्या आणि मध्येमध्ये टिक ऐकत राहा. बोल्ट आवळताना सगळं हलतं, माझे ते दोन शनिवार याच अज्ञानात गेले.

मग पातं ४५ अंशात वाकवून हीच चाचणी परत. ९० ला बरोबर आणि ४५ ला चुकत असेल तर टेबल आणि ट्रनियन एका पातळीत नाहीत. पुढच्या किंवा मागच्या दोन बोल्टांखाली त्याच कॅनच्या पत्र्याच्या चकत्या घालाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण डब्यांचे कोपरे मिटत नाहीत त्याचं कारण बहुतेकदा इथेच असतं.

त्यानंतर फेन्स. ती खाचेच्या कडेशी आणून समांतर करा, मागच्या टोकाला एका कागदाइतकी उघडी राहिली तर चालेल, आत झुकलेली कधीही नको. शेवटी काटकोन: तीन इंच रुंदीचा तुकडा उभा कापा, एक अर्धा उलटा करून दोन्ही कापलेल्या कडा टेबलावर एकमेकींना भिडवा. फटीतून उजेड दिसला तर चूक त्या फटीच्या निम्मी. गुण्यापेक्षा ही चाचणी बारीक आहे, कारण ती चूक दुप्पट करून दाखवते.

हे सगळं एका दिवसात होतं. परताव्याची मुदत किती दिवसांची आहे ते पावतीवर बघा आणि पहिलं कपाट बनवायला घेण्याआधी, मुदत चालू असतानाच, उरकून घ्या. ४५ अंशांची चाचणी चकत्या घालूनही जमत नसेल किंवा टेबल मधोमध खोलगट निघालं, तर यंत्र परत पाठवा. त्यासाठी मूळ पेटी आणि फळ्या तोवर फेकू नका.